निकमकाकांचं स्कॉटलंड

पाच वर्षं आमच्या इमारतीत दर रविवारी दुपारी चार वाजता स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर वाद व्हायचा.

इमारत नेरूळची, चार मजली, लिफ्ट नसलेली. वाद तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारामागं. वाद घालणाऱ्या गृहस्थांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळं समोरच्यालाही कमीच ऐकू येत असणार असं धरून ते बोलतात. "वेगळं होणार म्हणजे सैन्य कुणाकडं राहणार? नाणं कुणाचं चालणार? ते सांग आधी!" अशी आरोळी आली की वॉचमन घड्याळ न बघता पाण्याचा पंप चालू करायचा.

हे आमचे हणमंतराव निकम. वय पंचाहत्तर, मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. सगळी नोकरी ग्रामपंचायतींच्या कागदांत गेली. सरकारनं गावाला कुठले अधिकार दिले आणि कुठले स्वतःकडं ठेवले, याच्या याद्या त्यांना पाठ. निवृत्त झाल्यावर त्या याद्यांना काम उरलं नाही, म्हणून त्यांनी त्या घरात आणल्या. त्यांच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. डावीकडं 'हस्तांतरित विषय' : स्वयंपाक, भाजी, पाहुणे, देवपूजा. उजवीकडं 'राखीव विषय' : बँक, टीव्ही, पंख्याचा वेग. डावी बाजू शालनकाकूंची, उजवी त्यांची. काकू मला म्हणायच्या, "पंखा यांच्याकडं आहे हो, पण बटण माझ्या बाजूला आहे."

मी सोसायटीची सेक्रेटरी. काका मला 'सेक्रेटरीबाई' म्हणतात. मी काहीही सांगितलं की डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "नोंद घेतली. मान्य केलं नाही."

एकदा बी विंगनं वेगळी सोसायटी करायची मागणी केली. कारण जिन्याचा रंग. सभेत आरडाओरडा झाला. काका उठले आणि अर्धा तास बोलले. वेगळं व्हायची गरज नाही, म्हणाले, जिन्याचा विषय त्या त्या विंगला हस्तांतरित करा. पाण्याची टाकी, गेट आणि गच्ची सोसायटीकडं राखीव ठेवा. ठराव मंजूर झाला. बी विंगनं आठवड्यात जिना पोपटी केला, सी विंगनं जांभळा. आमच्या विंगची रंगसमिती अजून बसलेली आहे. काका पोपटी जिना बघून आले. मग म्हणाले, "अधिकार दिला की तो कसा वापरतात हे बघायला जाऊ नये."

त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली स्कॉटलंडमध्ये नर्स आहे. तिथल्याच एका शिक्षकाशी तिनं लग्न केलंय. मत तिकडंच देते. काकांनी मग तो देश हातात घेतला. भिंतीवर नकाशा लावला. दवाखाने आणि शाळा तिथल्या सरकारकडं, सैन्य आणि परराष्ट्र लंडनकडं, हे त्यांनी मला पहिल्या बैठकीत समजावलं. एकदा तिथल्या लोकांना सरळ विचारलं होतं, वेगळं व्हायचं का म्हणून. शंभरातले पंचावन्न नाही म्हणाले. काकांच्या मते विषय तिथं संपला होता. वैशालीच्या मते सुरू झाला होता.

हा वाद दर रविवारी फोनवर चालायचा. इमारतीत सगळ्यांना हे ठाऊक, पण ऐकू फक्त काकांचीच बाजू यायची. त्यामुळं बरेच जण काकांच्या बाजूचे होते. बी विंग मात्र, न ऐकताही, पूर्ण वैशालीच्या बाजूनं.

काकांना गप्प करणारा एकच माणूस. तळमजल्यावरचे म्हात्रेमामा, इथल्या जुन्या गावातले. त्यांच्या वडिलांची भातशेती सरकारनं शहरासाठी घेतली, ती आज कुठल्या सेक्टरच्या खाली आहे हे ते बोटानं दाखवतात. खाडीत त्यांची छोटी होडी अजून आहे. एकदा काका त्यांना जनमताचा निकाल समजावत होते, तेव्हा मामा म्हणाले, "तुज्या त्या लोकांना निदान इचारला तरी. आमाला कोनी इचारला? सकाली उठलो त शेतान खांब."  त्या दिवशी काकांनी नोंदसुद्धा घेतली नाही.

आता जे सांगायचं ते सांगते.

शालनकाकू लॉकडाऊनमध्ये गेल्या. तापानं आजारी पडल्या, दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी गेल्या. आत कुणाला सोडत नव्हते. विमानं बंद होती. वैशाली तिकडं तिच्या दवाखान्यात तसल्याच पेशंटांमध्ये दिवसरात्र उभी होती. काका एकटे गाडीबरोबर गेले आणि एकटेच परत आले. मी दाराशी चहा ठेवला. त्यांनी आतून सांगितलं, "ठेवा. घेतो मागनं." दुसऱ्या दिवशी कप धुऊन उपडा ठेवलेला होता.

त्यानंतर दोन महिन्यांनी रविवारचे वाद सुरू झाले. त्याआधी फोनवर स्कॉटलंड नव्हतं. काकू बोलायच्या, काका मागून 'बरं आहे का विचार' म्हणायचे. मला तेव्हा वाटलं, माणसानं मन कशात तरी गुंतवलं, बरं झालं.

वैशाली मात्र आली नाही. पहिल्या वर्षी तिला रजाच नव्हती. नंतर काकांनीच येऊ दिलं नाही. उन्हाळ्यात म्हणाले, ऊन फार आहे. पावसाळ्यात म्हणाले, गळती लागलीये. हिवाळ्यात म्हणाले, पाणीकपात आहे. आमच्याकडं त्या वर्षी पाणीकपात नव्हती, हे मी सेक्रेटरी म्हणून खात्रीनं सांगू शकते.

गेल्या वर्षी काका बाथरूममध्ये घसरले आणि उजवा हात मनगटापाशी मोडला. प्लास्टर झालं. रविवारी चारला त्यांनी माझं दार वाजवलं. "सेक्रेटरीबाई, फोन धरायला या. डाव्या हातानं तो सारखा बंद पडतोय."

मी फोन त्यांच्यासमोर धरला, स्पीकर लावला. पाच वर्षांत पहिल्यांदा दुसरी बाजू ऐकली.

"दादा, हात कसा आहे?" वैशालीनं वडिलांना विचारलं.

"हात जागेवर आहे. तुमच्या सरकारचं काय चाललंय?"

"दादा, सरकार राहू दे."

"का राहू दे? परवाच्या बातमीत—"

"दादा, मी वेगळं व्हा का म्हणते, कधी विचारलंत?" तिचा आवाज वाटला होता तसा भांडखोर नव्हता. दमलेला होता. "मी इथं दवाखाना चालवायला चालते. मत द्यायला चालते. पण माझ्या बापाला माझ्याजवळ ठेवू का, हे विचारायला लंडनला अर्ज करायचा. इथल्या सरकारला तो विषयच दिलेला नाही. आणि नियम काय, तर म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं काहीच करता येत नसेल आणि तिकडं बघणारं कुणीच नसेल, तरच. तुम्ही स्वतःचा चहा करता, दादा. तुम्ही चहा करता म्हणून मला तुम्हाला आणता येत नाही."

काका नकाशाकडं बघत होते. "कायदा सगळ्यांना सारखा असतो," ते म्हणाले. पण आवाज खिडकीबाहेर गेला नसेल.

"आता हात मोडलाय," वैशाली म्हणाली. "आता अर्ज करून बघू. वकील म्हणाला, सोसायटीचं एक पत्र लागेल. इथं यांना बघणारं कुणी नाही असं. ताई, तुम्ही द्याल ना लिहून?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बुधवारी पत्र लिहायला बसले. काका म्हणाले, मसुदा मी सांगतो. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, ते मी कशाला सोडवू? त्यांनी चष्मा लावला, डोळे मिटले आणि सरकारी आवाजात सुरू केलं. "प्रमाणित करण्यात येते की, श्री. हणमंत बाबुराव निकम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे उपरोक्त इमारतीत एकटेच राहत असून, त्यांची देखभाल करणारे येथे कोणीही—"

तेवढ्यात दार लोटून म्हात्रेमामा आत आले. हातात मासळीचा डबा. "निवट्या आनल्यान खाडीच्या. काटं काढलेत मी. तुला घाटावरच्याला काटं जमत न्हाय. गरम हाय तवर खा." डबा टेबलावर ठेवून ते गेलेसुद्धा.

काका डब्याकडं बघत बसले. सकाळी माझा नवरा त्यांना आंघोळीला मदत करून आला होता. शर्टाची बटणं मी लावली होती.

"खोडा ते," काका म्हणाले.

"काय खोडू?"

"'कोणीही' पासून पुढचं."

"काका, त्याशिवाय अर्जाला अर्थ नाही."

"सही तुमची आहे, बाई. चौतीस वर्षं मी एका खोट्या दाखल्यावर सही होऊ दिली नाही. एका सरपंचानं त्यापायी माझी बदली केली होती, तेव्हासुद्धा नाही."

"तिला तुम्ही हवे आहात, काका."

"मला कळत नाही होय?" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. मग हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, "जायचं नाही असं नाही. पण तिच्या दारात उभं राहायला, मी हितं कुणाचाच नाही असं लिहून द्यायचं? त्या म्हात्र्यानं काटे काढलेत."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. फाडवला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. मी फोन धरला. वैशालीनं पत्राचं विचारायच्या आत ते म्हणाले, "वैशू, मी विचार केला. तुझं बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"वेगळं व्हावं तुमचं. घरात कुणी यावं, कुणी नाही, हे घरातल्यांनी ठरवावं. लांब बसून दुसऱ्यानं ठरवू नये. मी मान्य करतो."

मी स्पीकरचा आवाज वाढवला. 

"दादा, असं नका बोलू," वैशाली म्हणाली. "भांडा ना माझ्याशी. सैन्याचं विचारा."

"नाही आता भांडवत."

"पत्र दिलं नाही ना ताईंनी?"

"त्यांना बोल लावू नको. मीच नको म्हणालो. खोटं होतं ते." काकांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मग पाच वर्षांत जे म्हटलं नव्हतं ते म्हणाले. "तू ये."

"काय?"

"ये गं. चार दिवस ये. मला तुला काही सांगायचंय, आन् ते फोनवर न्हाय व्हायचं."

वैशाली सोळाव्या दिवशी आली. चाळिशीची, केस बारीक कापलेले, चालणं थेट काकूंचं. दारात दोघंही कसंनुसं हसली आणि दोघांनीही एकदमच सामानाला हात घातला. काकांचं प्लास्टर आदल्याच दिवशी निघालं होतं. आतून निघालेलं मनगट इतकं बारीक आणि पांढरं होतं की ते सारखं बाहीत लपवत होते. वैशालीनं ते बाहीतून बाहेर काढलं, एकेक बोट वाकवून बघितलं आणि म्हणाली, "कोमट पाणी ठेवते. रोज तीनदा व्यायाम." काका 'हो' म्हणाले. काकांनी कुणाला नुसतं 'हो' म्हटल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दोन दिवस ती घर आवरत होती, काका तिच्या मागं मागं फिरत होते. सांगायचंय ते सांगितलेलं दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, ते म्हात्रेमामांकडं गेले. "होडी आहे का? तिला ती जागा दाखवायचीये." मामांनी एक शब्द न विचारता शर्ट घातला.

ती जागा म्हणजे खाडीतली. लॉकडाऊनमध्ये काकूंच्या अस्थी घेऊन काका जेट्टीवर बसले होते, कुठं जावं कळत नव्हतं, सगळीकडं बंदी होती. मामांनी त्यांना होडीत घालून आत नेलं होतं. वैशालीनं मलाही बरोबर यायला सांगितलं.

जेट्टीवर भरतीची वाट बघत आम्ही बसलो. मामा खाली होडीत पाणी उपसत होते. मी थोडी लांब, एका खांबाला टेकून. काकांना हळू बोलता येत नाही, त्यामुळं मला जे ऐकू आलं ते मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये.

"सातव्या दिवशी तुझ्या आईचा फोन आला होता मला," काका म्हणाले. "दवाखान्यातनं. म्हणाली, वैशूला लावा. मला बोलायचंय. तिला लांबचा फोन लावता यायचा नाही, मीच लावून द्यायचो. मी घड्याळ बघितलं. तू ड्युटीवर असणार. म्हटलं, पोरगी आधीच दमलेली, कशाला तिच्या जिवाला घोर. म्हटलं, उद्या लावू. उद्या ती नव्हती."

वैशाली पाण्याकडं बघत होती.

"ते मी ठरवायचं नव्हतं. तुझं आन् तुझ्या आईचं होतं ते. मी मधे बसून ठरवलं." त्यांनी बाही मनगटावर ओढली. "तू यायची म्हटलीस की मला भीती वाटायची. समोर बसलीस तर सांगावं लागंल. फोनवर काय, दुसऱ्याच गोष्टींवर बोलत राहायचं."

खाली मामांच्या डब्याचा आवाज येत होता, पाणी उपसायचा.

"दादा," वैशाली म्हणाली, "ती बोलली माझ्याशी."

काकांनी डावा कान पुढं केला. "काय?"

"आई बोलली माझ्याशी. त्याच दिवशी. तिथल्या नर्सनं स्वतःच्या फोनवरनं लावून दिलं. मी ड्युटीवरच होते. जिन्यात उभी राहून बोलले. सहा-सात मिनिटं."

"मग तू... मला कधी..."

"आईनं सांगितलं होतं, दादांना कळू देऊ नको. म्हणाली, त्यांनी नाही लावून दिला म्हणून मी दुसरीकडनं लावला असं त्यांना वाटायला नको. आणि मला वाटायचं, मी आले नाही म्हणून तुम्ही माझ्यावर चिडलाय. दर वेळी येऊ नको म्हणायचात. म्हटलं, निदान भांडतात तरी. भांडायचे बंद झाले तर मला इकडचं कुणीच उरलं नसतं."

मी तोंड दुसरीकडं वळवलं. पलीकडच्या तिवरांमध्ये पाणी चढायला लागलं होतं.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं. आवाज इतका लहान की पहिल्यांदाच मला कान द्यावा लागला.

"म्हणाली, तुझे दादा ओरडायला लागले की समजावं, घाबरलेत. तेवढं सांभाळून घे. मग म्हणाली, तू जेवलीस का? मी म्हटलं, जेवले. जेवले नव्हते."

"आणखी?"

"मग दम लागला तिला. नर्सनं फोन घेतला."

काकांनी मान हलवली. रुमाल काढायला उजवा हात खिशाकडं नेला, पण बोटं वळेनात. वैशालीनं त्यांच्या खिशातून रुमाल काढून दिला आणि मग, देता देता, स्वतःच्याच डोळ्यांना लावला.

खालून मामांनी हाक मारली. "पानी आला. चला."

काका उठले. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. वैशाली आधी उतरली, होडीत पाय रोवून उभी राहिली आणि वर हात केला. काकांनी एकदा माझ्याकडं, एकदा पाण्याकडं बघितलं. मग बाही वर सारून ते बारीक, पांढरं मनगट त्यांनी तिच्या हातात दिलं आणि खाली उतरले.